पालथी ताटली

पार्वती त्या सकाळी सुभाष रोडला गेली ती एक ताटली आणायला. घरात ताटं नव्हती असं नाही. पण वाराच्या पोराला त्याची स्वतःची ताटली असावी, असं सासूचं, सोनाबाईचं म्हणणं. भांड्यांच्या दुकानात पार्वतीनं जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, एक ताटली उचलली, नखानं वाजवून बघितली आणि म्हणाली, "अण्णा, हिच्या काठाला पोचा आलाय की."

"पोचा काय घास मागतोय काय, आक्का?" दुकानदार म्हणाला. "न्या बिनघोर."

पार्वती हसली आणि तीच ताटली पदराखाली धरून धारवाडात मळमड्डीला आपल्या घरी चालत आली. काठावर अंगठा बसेल एवढा तो पोचा. तेवढा ध्यानात असू द्या.

धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. अळणावरच्या बाजूला शेतकऱ्यांच्या गावांत मराठी शाळा होत्या, पण त्या सातवीला संपायच्या. पुढं शिकायचं तर धारवाड. मग मळमड्डीतल्या आपल्या लोकांनी ठरवून टाकलं होतं, असं एखादं पोर आलं की त्याला वार लावून द्यायचे. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या घरी, असा आठवडा भरायचा. कुणावर भार नाही, आणि पोरही उपाशी नाही. निजायला तालमीमागची खोली. त्या वर्षी आलेल्या पोराचं नाव नागोजी, आणि पार्वतीच्या घरचा वार गुरुवार.

वाराच्या पोराची एक रीत होती. शाळेची मधल्या सुट्टीची घंटा झाली की यायचं, मधल्या दाराशी बसायचं, पुढ्यात येईल ते जेवायचं. मग मागच्या मोरीत ताटली आपली आपण घासायची आणि दगडाला टेकवून पालथी ठेवायची. पालथी ताटली म्हणजे पोट भरलं, आता काही नको.

घरच्यांचीही एक रीत होती, आणि सोनाबाई ती फार कडक पाळायची. वाराच्या पोराला काही विचारायचं नाही. धारवाडात कुणी कुणाला भेटलं की पहिला शब्द काय? "ऊटा आतेन?" जेवण झालं काय? मराठी बोलणारे, कानडी बोलणारे, सगळे हेच विचारतात. रस्त्यात विचारतात, दवाखान्यात विचारतात, भांडण मिटलं की विचारतात. पण वाराच्या पोराला हे विचारायचं नाही.

"दुसऱ्याला विचारलं तर तो हसतो," सोनाबाई म्हणायची. "ह्याला विचारलं तर ह्याला वाटतंय, आपला घास बघालेत. गप वाढायचं आणि गप बाजूला व्हायचं."

नागोजी पहिल्यांदा आला तेव्हा मोठा बोलका होता. पार्वतीचा लक्ष्मण त्याच्याच वर्गात, दोघं एकदमच घरी यायचे. नागोजी मास्तरांच्या चालीची नक्कल करून दाखवायचा आणि लक्ष्मण हसून हसून भिंतीला टेकायचा. एकदा जेवता जेवता तो म्हणाला, "आक्का, तुमच्या आमटीत मीठ असतंय. मंगळवारच्या घरी मीठ घालतात ते बुधवारी." सोनाबाईसुद्धा पदराआड हसली होती.

मग हळूहळू ते पोर विझत गेलं.

बाजारात तो कानडी फाडफाड बोलायचा, पण अक्षर त्याला मराठीच ठाऊक. इथं पुस्तक कानडी, फळा कानडी. मास्तरांनी उभं करून वाचायला सांगितलं की तोंडातून शब्द फुटायचा नाही. त्याला शेवटच्या बाकावर बसवलं. "अळणावरची म्हैस," मास्तर म्हणाले आणि वर्ग हसला. मग रोजच हसायला लागला. पार्वतीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला दिसायचं ते एवढंच, की अर्धी भाकरी तशीच उरते आणि ताटली दर गुरुवारी आधीपेक्षा लवकर पालथी होते. एकदा विचारायचं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण सासूनं डोळे वटारले, आणि पार्वती मनात म्हणाली, काल बुधवारच्या घरी पोटभर जेवला असेल.

बुधवारच्या घरीही हेच वाटायचं, की काल मंगळवारच्या घरी जेवला असेल.

मग एका गुरुवारी तो आलाच नाही. गावी जत्रेला गेला असेल, असं पार्वतीला वाटलं. शुक्रवारच्या घरीही तसंच वाटलं, आणि पुढच्या घरांनाही. तालमीतल्या पोरांना वास आला तेव्हा खोलीचं दार उघडलं. तो घोंगडीत मुटकुळं करून पडला होता. डॉक्टर म्हणाले, ताप होता आणि पोटात काही नव्हतं. जेवणाची एवढी घरं होती त्याला, पण त्यानं जीव कुणाच्या वारी सोडला ते एकालाही सांगता आलं नाही.

शाळेनं सुट्टी दिली नाही. शेवटचा बाक तेवढा रिकामा राहिला.

पुढच्या गुरुवारी पार्वती दुपारी मोरीत गेली, तर दगडाला टेकवून ताटली ठेवलेली. पालथी, आणि पाणी निथळत असलेली. तिनं तर ती धुऊन फडताळावर वर ठेवून दिली होती. सासूनं काढली असेल म्हणून ती काही बोलली नाही. सोनाबाईला वाटलं सुनेनं काढली असेल, म्हणून तीही बोलली नाही. विचारायचं नाही ही त्या घराची सवयच होऊन बसली होती.

तिकडं शाळेत पोरं गप्प व्हायला लागली. मधल्या सुट्टीत आरडाओरडा नाही, विटीदांडू नाही. एकेक पोर डबा न उघडता बसून राहायचं. मास्तर आपसांत म्हणाले, यंदा पोरं शहाणी झाली.

आणि एका बुधवारी ती शहाणी पोरं उठली. बाक उलटे केले, खिडक्यांच्या काचा फोडल्या, दगड थेट रस्त्यावर आले. सुभाष रोडची दुकानं पटापटा बंद झाली, पोलीस आले. कुणी म्हणालं भाषेवरून पेटलंय, कुणी म्हणालं कॉलेजच्या पोरांनी चढवलंय. पण पोरांनी हात घातला तो आधी काचांना नव्हे. आधी त्यांनी घंटा काढली. घंटा म्हणजे दोरीला टांगलेला रुळाचा तुकडा. तो चौघा-पाचजणांनी उचलून शाळेमागच्या विहिरीत टाकला, आणि मगच दगड हातात घेतले. असं का, ते त्यांना कुणी विचारलं नाही.

लक्ष्मण घरी आला तो भिंतीकडं तोंड करून आडवा झाला.

गुरुवार उजाडला. शाळा बंद, बस बंद. पार्वतीचा नवरा परशुराम हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात कामाला, तो तिकडंच अडकलेला. सोनाबाई लेकीकडं गेलेली. घरात दोघंच. दुपार चढली तशी गल्ली अशी शांत झाली की कौलं तापल्याचा बारीक आवाज ऐकू यावा. पार्वतीनं भाकऱ्या थापल्या, झुणका केला. हाताला वळण पडलेलं, त्यामुळं गुरुवारच्या मापानं जास्तीचं पीठ आपोआप मळलं गेलं.

"लक्ष्मण, ऊठ रे बाळा. दोन घास खा."

"भूक नाही."

"कालही नाही, परवाही नाही. होतंय काय तुला?"

"काही नाही."

पार्वती त्याच्या उशाशी बसली. "काचा फोडल्या ते समजतंय मला. राग आला असंल. पण घंटेनं काय केलं होतं रे तुमचं?"

लक्ष्मण भिंतीलाच सांगावं तसं म्हणाला, "घंटा झाली की तो उठतोय, आई."

"कोण?"

"शेवटच्या बाकावरनं... आम्हाला सगळ्यांना दिसतोय. मास्तरांना दिसत नाही. उठतोय आणि दारात थांबतोय. त्या दिवशी ज्याच्या घरी वार, त्याच्याकडं बघतोय. चल म्हणतोय." "मंगळवारी सत्याप्पाला म्हणाला. सत्याप्पा आता अंथरुणातनं उठत नाही. जेवत नाही, बोलत नाही. त्याची आई म्हणते नाटक करतोय."

"आणि गुरुवारी?"

लक्ष्मण नखानं भिंतीचा पोपडा खरवडायला लागला.

"गुरुवारी कुणाला म्हणतोय रे?"

"म्हणून तर काढली की घंटा," लक्ष्मण म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी जरासा हसला. "आता वाजणारच नाही. मग उठंल कसा?"

आणि तेवढ्यात घंटा वाजली.

रुळाचाच आवाज तो, पण ओला. खोल पाण्याखाली कुणी लोखंडावर लोखंड मारावं तसा, बुडबुड्यांसारखा एकेक ठोका वर येत होता. शाळा तीन गल्ल्या पलीकडं, आणि आवाज मात्र घराच्या जोत्याखालून आल्यासारखा वाटत होता. समोरच्या कौलावर पारवे बसले होते. त्यातला एकही हलला नाही.

मग वास आला. बंद खोलीचा, दमट घोंगडीचा, तापानं आंबलेल्या अंगाचा. भाकरीचा खरपूस वास त्यात बुडून गेला. अंगणातल्या मुरमावर अनवाणी पावलं वाजली. हळू, पाहुण्या घरी बिचकत यावं तशी. ती सोप्यावर आली, मधल्या दाराशी आली आणि थांबली. दारात सावली पडली नाही. पण फरशीवर उन्हाचा जो पट्टा होता तो मात्र विझला.

लक्ष्मण उठला. आईकडं न बघता तो चालत गेला आणि मधल्या दाराशी मांडी घालून बसला, थोडं अंग चोरून, बाजूला कुणाला तरी जागा ठेवून. त्या रिकाम्या जागेपुढं ताटली होती. काठाला पोचा असलेली. पार्वतीनं ती मांडली नव्हती.

ओरडावं, शेजारच्यांना बोलवावं, असं तिच्या मनात आलं. पण मधल्या दाराशी पोर बसलंय आणि ताटली रिकामी आहे, एवढं बघितल्यावर हात आपोआप टोपलीकडं गेला. तिनं भाकरी वाढली, झुणका वाढला. पापणी लवली तेवढ्यात ताटली पुन्हा रिकामी. चावल्याचा आवाज नाही, घास तुटलेला दिसला नाही. होतं ते नाहीसं झालं.

लक्ष्मण कान देऊन काहीतरी ऐकत होता. मान हलवत होता.

"होय," तो हळूच म्हणाला. "येतो की."

"कुठं येतोस रे?" पार्वतीचा आवाज फाटला.

"शुक्रवारच्या घरी..."

तो उठायला लागला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, काहीच नव्हतं. नागोजीचा चेहरा शेवटच्या गुरुवारी असाच होता, पुसलेल्या पाटीसारखा, आणि पार्वतीनं तो बघूनही गप वाढलं होतं. तिनं लक्ष्मणचं मनगट धरलं. ते गार पडलं होतं. तिनं ओढलं तर पलीकडूनही कुणीतरी ओढत असल्यासारखं तो तिथंच राहिला. मग तिनं तोंड त्या रिकाम्या जागेकडं वळवलं, आणि सासूची रीत मोडली.

"नागू..." ती म्हणाली. "नागू, ऊटा आतेन रे?"

घर थांबलं. चुलीतल्या निखाऱ्याची तडतडसुद्धा थांबली.

मग अगदी जवळून, तिच्या गुडघ्याएवढ्या उंचीवरून आवाज आला. लाजलेल्या पोराचा.

"न्हाई, आक्का."

पार्वतीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण तिनं मनगट सोडलं नाही. "मग माग की रे! आणखी वाढू?"

"वाढा."

तिनं एका हातानं वाढलं. ताटली रिकामी झाली. पुन्हा वाढलं. लक्ष्मणच्या वाटणीच्या भाकऱ्या गेल्या, तिची स्वतःची गेली, रात्रीच्या गेल्या. आणि वाढता वाढता ती विचारत राहिली. इतके गुरुवार गिळून टाकलेलं सगळं एकदम वर आलं. "खोलीत गारठा लागतोय काय रे? आईची आठवण येतेय? काय म्हणतात तुला शाळेत? कुणी मारलं? अर्धी भाकरी का टाकत होतास रे, लेकरा?"

उत्तर आलं ते लक्ष्मणकडून.

"म्हैस म्हणायचे त्याला," तो बोलला. "वाचता यायचं नाही म्हणून. सगळे हसायचे, आई. मी पण हसलो. त्यानं माझ्याकडं बघितलं तरी हसलो." आणि तो मोठ्यानं, लहान पोरासारखा रडायला लागला. पार्वतीनं त्याला छातीशी धरलं. मनगट हळूहळू ऊबदार होत गेलं.

मागं मोरीत तांब्यातून पाणी ओतल्याचा आवाज झाला. राखेनं भांडं घासल्याचा झाला. पार्वतीनं वळून बघितलं नाही. फरशीवर उन्हाचा पट्टा परत आला तेव्हा लक्ष्मणनं नाक पुसलं, झुणक्याचं भांडं पुढं ओढलं आणि बोटानं खरवड चाटायला लागला.

त्या संध्याकाळी पार्वती ज्या ज्या घरी नागोजीचा वार होता त्या त्या घरी गेली. आपल्या घरी काय झालं ते सांगितलं, आणि तुम्हीही आपल्या वारी विचारा म्हणाली. शुक्रवारची बाई आधी हसली. पण शुक्रवारी दुपारी तिनं दार लावून काहीतरी विचारलं, आणि बाहेर आली ती पांढरीफटक होऊन. मंगळवारी सत्याप्पाच्या आईनं विचारलं. सत्याप्पा बुधवारी उठून बसला आणि त्यानं आंबील मागितली. एकच घर राहिलं. शनिवारचा हवालदार बदली होऊन गेला होता. दाराला कुलूप होतं. शनिवार तेवढा राहिला.

वर्षं गेली. सोनाबाई गेली, परशुराम गेला. लक्ष्मणनं हुबळीजवळ उणकलला तळ्याच्या बाजूला नवीन वसाहतीत घर बांधलं. पार्वती तिथं आली ती पोचा आलेली ताटली बोचक्यात घेऊन. सून लीला म्हणायची, "अत्ती, ही कशाला आता? स्टीलची एवढी आहेत की." पार्वती ती माळ्यावर ठेवायची आणि म्हणायची, "असू दे गं. कुणाला तरी लागंल."

नात सुमन नववीला. शनिवारी तिची शाळा अर्धा दिवस. अशाच एका शनिवारी पार्वती दुपारी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली. लीला कामावर, घर बंद. भांडी धुवायच्या कट्ट्यावर, भिंतीला टेकवून, ताटली होती. पालथी. पोचा वर, आणि त्यातून थेंब गळत होता.

पार्वती घाबरली नाही. तिची नि त्या पोराची ओळख जुनी. ती ताटलीला विचारायला वाकली, आणि तेव्हा तिला बाजूचं दिसलं.

शेजारी प्लॅस्टिकचं एक झाकण होतं. शाळेच्या डब्याचं, निळं, फुलपाखराचं चित्र असलेलं. तेही ओलं, तेही पालथं, ताटलीला खेटून. नवीन पोराला रीत शिकवावी तसं.

दार वाजलं. सुमन आली, दप्तर खुर्चीवर टाकलं. पार्वतीनं घाईघाईनं तिचा डबा काढून बघितला. हिरवा. झाकण जागेवर.

"सुमन, तुमच्या वर्गात निळा डबा कुणाचा गं? फुलपाखराचा?"

सुमनचा चेहरा उतरला. "तुला कुणी सांगितलं, आज्जी?"

"कुणाचा?"

"शालिनीचा. ती येत नाही आता. आठवडा झाला." सुमन नखं कुरतडायला लागली. "मुली तिला चिडवत होत्या. मी नाही, पण मी... काही बोलले नाही. मिस म्हणाल्या गावी गेली असेल."

"बोलली होतीस काय तिच्याशी? घरी जाऊन विचारलंस?"

"सगळ्यांना वाटलं दुसरं कोणीतरी विचारेल."

पार्वतीनं भिंतीचा आधार घेतला. "घर ठाऊक आहे?"

"तळ्याच्या पलीकडं."

"चल. चपला घाल. आत्ताच."

ती पदर खोचून दाराशी गेली. तिकडं तळ्याच्या बाजूला ना शाळा, ना देऊळ. तरीही पाण्याच्या खोलातून, जुन्या ओळखीचा, लोखंडाचा एक ओला ठोका वर आला. सुमन दचकून म्हणाली, "आज्जी, हे काय वाजलं?"

पार्वतीनं फक्त एकदा मागं वळून स्वयंपाकघरात बघितलं.

ताटली पालथीच होती. निळं झाकण मात्र उताणं झालं होतं, कुणीतरी वाढायची वाट बघत असल्यासारखं.